टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स एकाच रिमोटने कसे चालवायचे?

टीव्हीचा रिमोट वेगळा, सेट टॉप बॉक्सचा वेगळा, आणि हवा तो नेमका सापडत नाही! पण सेट टॉप बॉक्सच्या अनेक रिमोटवर टीव्हीसाठी काही बटणं राखीव असतात. ती टीव्हीच्या रिमोटकडून 'शिकतात'.

हे कसं होतं? रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण लुकलुकतात. प्रत्येक बटणाची लुकलुक वेगळी असते. दुसरा रिमोट तीच लक्षात ठेवतो.

पद्धत साधारण अशी:
1. दोन्ही रिमोट समोरासमोर, 2-3 सेंटीमीटर अंतरावर ठेवा.
2. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवरचं 'सेट' बटण लाइट स्थिर होईपर्यंत दाबून धरा.
3. शिकवायचं बटण दाबा, मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबा.
4. शेवटी पुन्हा 'सेट' दाबा.

कंपनीनुसार बटणं बदलतात, त्यामुळे माहितीपुस्तिका बघा. फक्त ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही पद्धत लागू नाही.

शिकवायला जुना रिमोट चालू हवा. शंका असेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून त्याच्यासमोर बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट प्रकाश चमकताना दिसतो. म्हणून हे काम जुना रिमोट बिघडण्याआधीच उरकून घ्या!