विद्यार्थी-सवलतीतील सॉफ्टवेअर : परवान्याचे स्वरूप

प्रथम संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात सामान्यतः मालकी हस्तांतरित होत नाही. वापराचा परवाना मिळतो. त्या परवान्याच्या मूल्यात शिक्षणावस्थेच्या अटीवर केलेली घट म्हणजे विद्यार्थी-सवलत. घट संपूर्ण असली तर सॉफ्टवेअर विनामूल्य होते; मुक्त होत नाही. जीएनयू जीपीएलसारखा मुक्त परवाना वापराच्या हेतूवर निर्बंध घालत नाही. विद्यार्थी-परवाना बहुधा हेतूच बांधून घेतो.

विक्रेत्याला ही सवलत परवडते, कारण जादा प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि विद्यार्थी एरवी पूर्ण किंमत देणारा ग्राहक नसतोच. मात्र त्यासाठी दोन गोष्टी साधाव्या लागतात : विद्यार्थी इतरांपासून वेगळा ओळखता यावा, आणि स्वस्त परवाना व्यवसायात झिरपू नये. पहिलीतून पडताळणी उद्भवते. संस्थेचा ईमेल हा तिचा सुलभ पुरावा. तो नसल्यास ओळखपत्र किंवा बोनाफाईड. (महाविद्यालय ईमेल देत नसेल, तर त्याच्या आळसाचा भार विद्यार्थ्यावर पडतो.)

दुसरीतून अव्यावसायिक वापराची अट येते. ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅड या आराखडा-साधनाच्या जुन्या शैक्षणिक आवृत्त्यांत ती अट फाईलमध्येच कोरलेली असे. छापील आराखड्याच्या कडेला शैक्षणिक वापराचा शिक्का उमटे. असा आराखडा व्यावसायिक आराखड्यात घातला, तर शिक्का त्यालाही लागे. पुढे हा शिक्का काढला गेला, अट राहिली.

सवलतीचे मुख्य प्रकार तीन. (१) मुदतीचा पूर्ण परवाना : ऑटोडेस्क आणि प्रोग्रॅमिंगची साधने बनवणारी जेटब्रेन्स तो एका वर्षासाठी देतात, पात्रता असेतो नूतनीकरण होते. (२) क्लाऊड सेवेसाठी जमा रक्कम : मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझूर फॉर स्टुडंट्स’मध्ये क्रेडिट कार्डाविना 100 डॉलर. (३) संच : 2014 पासूनचा गिटहबचा ‘स्टुडंट डेव्हलपर पॅक’, ज्यात अनेक कंपन्यांच्या सवलती एकत्र येतात. संस्थेने स्वतः घेतलेला परवाना निराळा. तो प्रवेशाबरोबर येतो आणि जातो.

पात्रता, पडताळणी, वापर आणि समाप्ती या चार अवस्थांपैकी विद्यार्थी पहिल्या दोहोंची चिंता करतो. विचार चौथीचा व्हावा. समाप्तीनंतर कृती विद्यार्थ्याची राहते, साधन राहत नाही. जेटब्रेन्सच्या साधनात लिहिलेला प्रोग्रॅम साध्या मजकुराची फाईल असतो. तो कोणत्याही एडिटरात उघडतो, हानी केवळ सवयीची. रेव्हिट या ऑटोडेस्कच्या इमारत-आराखड्याच्या साधनातील आरव्हीटी फाईलचे तसे नाही. ती आयएफसी या खुल्या स्वरूपात काढता येते, पण भिंत हलवताच दार-खिडक्या सोबत हलण्याचा गुण त्या रूपांतरात बहुतांशी टिकत नाही. सवलतीची खरी किंमत फाईलच्या स्वरूपावरून ठरते, दरपत्रकावरून नव्हे.

मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प गणनेच्या सायलॅबसारख्या मुक्त साधनांचा शिक्षणात प्रसार करतो. अशा साधनांत समाप्तीची ही चौथी अवस्थाच नाही. तथापि त्याच कामाच्या सशुल्क मॅटलॅबचा प्रोग्रॅम सायलॅबवर जसाच्या तसा नेहमी चालत नाही. म्हणून निवड पदवीच्या शेवटी नव्हे, पहिल्या सत्रात करावी लागते.