आलाबास्टरच्या मूर्ती : वेदीवरून संग्रहांत

युरोपांतील जुन्या मूर्तींच्या संग्राहकांस जे लहान फलक व मूर्ती विशेष प्रिय आहेत, त्यांत इंग्लंडमधील आलाबास्टरच्या कामाची गणना होते. हें काम संग्राहकांच्या कपाटासाठीं घडलें नव्हतें. तें वेदीसाठीं व घरांतील प्रार्थनास्थानासाठीं होतें. त्याचें स्थानांतर कसें झालें, तेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

आलाबास्टर हा जिप्समचा एक प्रकार होय. डर्बीशायरमधील चेलास्टन व स्टॅफर्डशायरमधील टटबरी येथें त्याच्या खाणी होत्या. दगड दुधासारखा, कोठें कोठें तांबूस शिरांचा, आणि इतका मऊ कीं साध्या सुरीनेंहि कोरतां यावा. आज त्याच्या शुभ्रतेवर लोक मोहित होतात. परंतु मुळांत या मूर्ती रंगविलेल्या असत. केसांस व मुकुटांस सोन्याचा मुलामा, वस्त्रांच्या अस्तरास तांबडा अथवा निळा रंग, आणि पायांखालील भूमि गर्द हिरवी, तीवर ठिपक्यांचीं फुलें, अशी रीत होती.

या धंद्याचा पसारा लहान नव्हता. १३६७ सालीं नॉटिंगहॅमच्या पीटर नांवाच्या कारागिराचें वेदीकाम विंडसर येथील राजाच्या प्रार्थनामंदिरांत नेण्यास १० गाड्या व ८० घोडे लागले. त्याच शहरांत १४९१ सालीं निकोलस हिल या मूर्तिकारानें संत योहान बाप्तिस्ताच्या ५८ शिरांच्या पैशांसाठीं दावा लावला. (उधारीचें हें दुखणें आजच्या दुकानदारांसहि ओळखीचें वाटेल!) तबकांतील संताचें शिर दाखविणारे हे छोटे फलक लांकडी पेटींत बसवून गृहस्थ घरीं ठेवीत. माल परदेशींहि जाई. चेल गांवचे धर्मगुरु जॉन गुडइयर यांनीं १४५६ सालीं संत याकोबाच्या चरित्राचे फलक स्पेनमधील सांतियागोच्या महामंदिरास अर्पण केले.

पुढें सहाव्या एडवर्डच्या राज्यांत १५४८ सालीं देवळांतील सर्व मूर्ती काढण्याची आज्ञा झाली, व १५५० च्या कायद्यानें त्यांचा नाश करणें भाग पडलें. थडग्यांवरील राजेसरदारांच्या प्रतिमांस मात्र सूट होती! मरियामातेची मूर्ति फोडावी व सरदाराची राखावी, हा न्याय आम्हांस तरी विचित्र वाटतो. त्याच वर्षीं फ्रान्समधील इंग्लिश राजदूत सर जॉन मेसन यांनीं कळविलें कीं, मूर्तींनीं भरलेलीं तीन-चार गलबतें इंग्लंडहून आलीं असून पॅरिस, रुआं आदि ठिकाणीं त्या मोठ्या उत्सुकतेनें खरेदी केल्या जात आहेत. भक्तांनीं जमिनींत पुरून थोडें वाचविलें; व्यापाऱ्यांच्या लोभानें पुष्कळ वाचलें. १७७९ सालीं नॉटिंगहॅमजवळ फ्लॉफर्ड येथील देऊळ पाडतांना मरियामाता, संत पेत्र व एक बिशप अशा तीन मूर्ती भूमींतून निघाल्या.

संग्राहकांविषयीं आमच्या मनांत दोन भाव आहेत. प्रार्थनेची वस्तु लिलावांत पाहून खेद होतो; पण अमेरिकेंत जन्मलेले हिल्डबर्ग यांच्यासारख्यांनीं हे विखुरलेले तुकडे आयुष्यभर जमविले, व १९४६ सालीं, आपल्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिले, हेंहि विसरतां येत नाहीं. तेथें आज कोणीहि ते पाहूं शकतो.

जाणता संग्राहक असा फलक हातीं येतांच प्रथम त्याची पाठ पाहतो. ती खडबडीत असते, व तींत शिसें ओतून बसविलेल्या पितळी तारांचीं टोकें आढळतात. याच तारांनीं तो फलक वेदीच्या लांकडी चौकटीस बांधलेला असे.