वाचता न येणारा कोड

गेल्या वर्षी मार्केट यार्डातल्या एका आडत्यांनी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "बिलाचं सॉफ्टवेअर आहे. नव्या सर्व्हरवर चालेना. बघा जरा." प्रोग्राम पीएचपीत होता, म्हणजे फाइल उघडली की कोड दिसायला हवा. उघडली, तर वर दोन ओळी पीएचपी आणि खाली अक्षरांचा नुसता चिखल. ज्याने तो लिहिला त्याने धंदा कधीच बंद केला होता. मूळ कोड कुणाकडेच नव्हता. "पैसे तर सगळे दिलेत हो मी," काका म्हणाले.

हा चिखल कुठून आला, याची गोष्ट माझ्या वयापेक्षा जुनी आहे.

एके काळी मोठा संगणक घेतला की प्रोग्राम त्याच्यासोबतच यायचे, बऱ्याचदा मूळ कोडसकट. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअरची वेगळी किंमत लावणार असल्याचं जाहीर केलं. १९८३ मध्ये त्याच कंपनीने पुढचं पाऊल टाकलं: यापुढे मिळेल तो 'ऑब्जेक्ट कोड', म्हणजे मशीनला कळणारं रूप. मूळ कोड कंपनीकडेच. सी किंवा कोबोलमध्ये हे सोपं होतं, कारण कंपायलर तसंही मशीनचंच रूप बाहेर काढतो.

वेबच्या स्क्रिप्ट भाषांनी ही सोय मोडली. रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये पीएचपी सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात आपण लिहिलेली फाइलच सर्व्हर वाचतो आणि चालवतो. कोड आपल्या सर्व्हरवर आहे तोवर काळजी नाही, ब्राउझरकडे फक्त तयार पान जातं. पण तोच प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर बसवून द्यायचा म्हटला, की अख्खा कोड त्याच्या हातात.

मग कुलपं आली. मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट आणि जेस्क्रिप्टसाठी 'स्क्रिप्ट एन्कोडर' दिला. एएसपीची पानंही त्यातून काढता यायची. गंमत म्हणजे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलं होतं, की सहज डोकावणारा यामुळे थांबेल, हट्टाला पेटलेला थांबणार नाही. आणि झालंही तसंच, लोकांनी तो उलगडणारे प्रोग्राम लिहिले. पीएचपीसाठी झेंड गार्ड आणि आयनक्यूब आले. ते कोड आधी कंपाइल करतात, मग एन्क्रिप्ट करतात, आणि सर्व्हरवर 'लोडर' बसवला तरच तो चालतो.

दर वेळी हे हाताने कोण करणार? १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' लिहिलं, तेव्हापासून असली हमाली बिल्ड टूलकडे आहे. जावावाल्यांना 'अँट' मिळालं, त्याच्या धर्तीवर पीएचपीवाल्यांना 'फिंग'. फिंगमध्ये झेंड गार्ड आणि आयनक्यूबसाठी तयार टास्कच होते. एक कमांड मारली की कोड एन्कोड होऊन झिप तयार.

माझ्या पहिल्या नोकरीत अशी एक बिल्ड स्क्रिप्ट मीच लिहिली होती. कॉमेंट उडवायच्या, व्हेरिएबलची नावं बदलून 'अ१', 'अ२' छापाची करायची. पहिल्याच डिलिव्हरीत बिलं कोरी छापली गेली. पीएचपीतलं 'कॉम्पॅक्ट' हे फंक्शन व्हेरिएबलचं नाव अवतरणचिन्हात, साधा मजकूर म्हणून घेतं. माझ्या स्क्रिप्टने व्हेरिएबलची नावं बदलली, अवतरणातली तशीच राहिली. तक्रार आली तीही 'अ१७' नावाची. ते मूळचं कोण, हे शोधायला माझी अख्खी रात्र गेली, कारण जुन्या-नव्या नावांची यादी मी जपूनच ठेवली नव्हती.

एवढं करून कोड खरंच लपतो का? ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय, की संदेश लपवण्याची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. इथे तर कुलपासोबत किल्लीही गिऱ्हाइकाच्याच सर्व्हरवर असते, नाहीतर प्रोग्राम चालणारच कसा? २००१ मध्ये बोआझ बराक आणि त्याच्या सहा सहकाऱ्यांनी गणिताने दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्राम पूर्ण बंद पेटीसारखा करून देणारं सर्वसाधारण यंत्र असूच शकत नाही.

काकांचं कुलूप झेंड गार्डचं निघालं. ते पीएचपी ५.६ च्या पुढे गेलंच नाही, आणि ५.६ चे सुरक्षा अपडेट २०१८ च्या अखेरीस थांबले. चोर तिकडे फिरकलाही नसेल. बाहेर राहिला तो ज्याने पैसे मोजले होते तो.

सुदैवाने डेटाबेस उघडा होता. टेबलांची नावं साधी होती: शेतकरी, माल, वजन, तोलाई, हमाली. त्यावरून हिशेब समजून घेत, काकांना रोज दहा प्रश्न विचारत, आम्ही प्रोग्राम नव्याने लिहिला. चार महिने लागले. तोवर काकांचा मुनीम वहीवर बिलं करत होता.

नवा कोड देताना काकांनी विचारलं, "हा तरी वाचता येईल ना कुणाला?"

मी फाइल उघडून दाखवली. त्यांना कोडमधलं काही कळत नाही, पण 'तोलाई' हा शब्द त्यांनी बरोबर बोट ठेवून वाचला.