साठा कशासाठी होता?

बाग सेवनिया भोपाळच्या दक्षिणेला, एम्सच्या परिसरात. युनियन कार्बाइडचा कारखाना शहराच्या पार उत्तरेला. आज इथून, एवढ्या लांबून, २-३ डिसेंबर १९८४ च्या त्या वायुगळतीच्या रात्रीकडे पाहिले की ती बहुधा निष्काळजीपणाची कहाणी वाटते. शीतकरण यंत्रणा जूनपासून बंद, वायू जाळून टाकणारा फ्लेअर दुरुस्तीला निघालेला, ई-६१० टाकीत पाणी शिरलेले. हे सगळे खरेच. पण दोष फक्त देखभालीचा, हा निष्कर्ष मला पटत नाही. त्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे 'मिक', मुळात साठवलेच कशाला होते? विकायचे होते ते सेव्हिन हे कीटकनाशक. मिक नुसता मधला टप्पा. फॉस्जीन आणि मिथिलअमाइनपासून मिक, त्याला अल्फा-नॅप्थॉलची जोड दिली की सेव्हिन. हाच क्रम फिरवून आधी अल्फा-नॅप्थॉल व फॉस्जीन एकत्र आणले, तर क्लोरोफॉर्मेट मिळते आणि मग मिथिलअमाइन घातले की तेच सेव्हिन तयार होते. कच्चा माल तोच, मिक मात्र वाटेत येतच नाही! इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यातील १९७४ च्या स्फोटानंतर ब्रिटिश अभियंते ट्रेवर क्लेट्झ यांनी १९७८ मध्ये हेच सांगितले होते: जे कारखान्यात नाहीच, ते गळणार कुठून?

यावर कोणी म्हणेल, फॉस्जीन तर दोन्ही वाटांवर आहे आणि तेही जीवघेणेच. बरोबर, दुसरी वाट निर्धोक नव्हती. पण ३९ अंशांना उकळणारा, पाण्याशी भडकून अभिक्रिया करणारा द्रव टनांनी सांभाळण्याची वेळ तिथे आली नसती. आणि मिकचीच वाट धरायची तरी साठा अपरिहार्य नव्हता: ड्यूपॉन्टने पुढे मिक तयार होताच खर्ची पडेल अशी प्रक्रिया वापरली. कंपनीचा बचाव घातपाताचा होता. तो घटकाभर मानला, तरी पाणी कोणी सोडले यावरून टाकीत किती माल होता हे काही बदलत नाही. सेव्हिनचा खप घटला होता, ऑक्टोबरमध्ये मिकचे उत्पादनही थांबले होते, माल मात्र टाकीत तसाच पडून होता. दुर्घटनेनंतर दुसऱ्या टाकीत उरलेल्या मिकचे करायचे काय, हा पेच उभा राहिला तेव्हा शास्त्रज्ञ डॉ. एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली १६ डिसेंबरपासून तोच कारखाना पुन्हा चालवून त्याचे सेव्हिन करण्यात आले. धास्तावलेले लोक लोंढ्यांनी शहर सोडून गेले. साठा संपायला लागला जेमतेम आठवडा.