मराठीची कुलुपे आणि किल्ल्या

संगणकाच्या कंपन्यांबद्दल मत नाही असा माणूस आता आमच्या धाडमध्येही शोधून सापडायचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात लागते म्हणे, त्यामुळे चांगली चालती यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. तेव्हापासून झेरॉक्सच्या दुकानात, बँकेच्या रांगेत हाच विषय. एक म्हणतो, "कंपन्यांना नवा माल खपवायचाय, दुसरं काय!" दुसरा म्हणतो, "फुकटचं लिनक्स टाका की." तिसरा म्हणतो, "मोबाईल असताना कॉम्प्युटर पाहिजेच कशाला?"

तिघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. पण मी पडलो मराठीचा मास्तर. या कंपन्या मोजायचा माझा गज वेगळा आहे. मी मराठीत लिहिलेले वीस वर्षांनी कोणाची परवानगी न काढता वाचता येईल का, एवढेच मी बघतो. या गजाने गेली चाळीस वर्षे मोजायला बसलो, तेव्हा इतिहास मोठा मजेदार निघाला. म्हटले, मंडळींना सांगावा.

पहिली गंमत अशी की सुरुवात अगदी सुरेख झाली होती. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय लिप्यांचे काम हाती घेतले. त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र उभे राहिले. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक ठरवून दिला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि तीच रचना मराठीला, बंगालीला, तेलुगूलाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे वऱ्हाडचेच. सी-डॅक म्हटले की लोकांना १९९१ चा ‘परम’ महासंगणक आठवतो. पण माझ्या लेखी तिथे आलेले जिस्ट तेवढेच मोठे. ते कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची!

१९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातली युक्ती कोणाही शिक्षकाला पटावी अशी आहे. संगणकाने अक्षराचे चित्र साठवायचे नाही, त्याची फोड साठवायची. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. जोडाक्षर कसे दिसावे ते दाखवताना ठरवायचे. आपण फळ्यावर जोडाक्षरांची फोड करून शिकवतो, अगदी तसेच.

मग घोडे अडले कुठे?

घोडे अडले विंडोजपाशी. १९९० नंतर डॉसचा पडदा मागे पडून चित्रांच्या खिडक्या आल्या. त्या काळच्या विंडोजला देवनागरी जोडता येत नव्हती. पण छापखान्यांना, वर्तमानपत्रांना, लग्नपत्रिकावाल्यांना थांबायला वेळ कुठे होता? मग आपल्याकडच्या कंपन्यांनी एक तोड काढली. एका फॉन्टमध्ये २५६ जागा असतात. इंग्रजी अक्षरांच्या त्या जागांवर त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा क, काना, रफार, वेलांटी, सगळे. संगणकाला वाटते हे इंग्रजी, माणसाला दिसते मराठी. बहुरूप्याचे सोंगच म्हणा ना. ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर संगणकाच्या पोटात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढेच जाते. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर अगम्य मंत्र!

त्यातही प्रत्येकाचे सोंग वेगळे. सी-डॅकचे ‘आयएसएम’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपचे ‘आकृती’. एकाचा ‘म’ दुसऱ्याकडे भलतेच काही व्हायचा. सरकारी संस्थेलाही फॉन्टपुरती हीच वाट धरावी लागली.

या कंपन्यांना नुसते नावे ठेवून मात्र चालणार नाही. त्यांनी उडी घेतली नसती तर दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तके आणखी दहा वर्षे खिळ्यांवरच जुळवली गेली असती. एकेक अक्षर रेखाटणे हे किती चिकाटीचे काम! आणि आपल्याकडे नक्कल करून वापरायची रीत घरोघरची. म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरबरोबर ‘लॉक’ द्यायला सुरुवात केली. बोटाएवढी वस्तू, संगणकाच्या पाठीमागे खोचायची, ती नसेल तर सॉफ्टवेअर चालायचे नाही. डीटीपीवाले तिला जिवापाड जपत. धंद्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. पण झाले असे की कुलूप दुकानाला लावले आणि त्यात गिऱ्हाइकाचा मालही अडकला. सॉफ्टवेअर कंपनीचे, पण त्यात लिहिलेले आमचे होते ना!

याचा चटका आम्हाला बसला तो शाळेच्या स्मरणिकेत. २००१ मध्ये तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात ती जुळवून घेतली. शंभरेक पाने. त्यात एका जुन्या मुख्याध्यापकांनी १९७२ च्या दुष्काळावर लिहिलेला लेख होता. खडी फोडायला गेलेली पोरे, सुकडीचे वाटप, रोजगाराच्या कामावरच भरवलेला वर्ग, असे सगळे. लिहिणारे पुढे दोन वर्षांत वारले. छापील प्रती वाटल्या गेल्या आणि शाळेची प्रत वाळवीने खाल्ली. पुन्हा छापायची म्हणून सीडी शोधली तर सीडी शाबूत, फाईलही उघडली, पण आत इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवले होते ते आता कोणाकडे नव्हते, दुकान बंद झाले होते आणि लॉक कुठे गेले ते दुकानदारालाही सांगता येईना. डोळ्यांसमोर लेख आहे आणि एक ओळ वाचता येत नाही!

मला तेव्हा मोडीची आठवण झाली. छापखाने आले आणि त्यांनी बाळबोध उचलली. मोडी दप्तरांत राहिली, पुढे शाळेतूनही गेली. आज घराघरांत मोडी कागद आहेत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना केवढी मागणी आली ते आपण पाहिलेच. मराठवाड्याची हद्द आमच्या धाडपासून ती काय लांब! पण मोडीचे एक बरे आहे. ती कोणाच्या मालकीची नाही. चार महिने बसलात तर शिकता येते. दोनशे वर्षांपूर्वीची मोडी वाचता येते आणि २००१ ची मराठी वाचता येत नाही, हे कसे सांगायचे कोणाला?

आता किल्लीची गोष्ट.

१९९१ मध्येच तिकडे अमेरिकेत ‘युनिकोड’चे पहिले मानक निघाले. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक कायमचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी घेतली ती आपल्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून! म्हणजे आपली किल्ली परदेशात जाऊन जगाची झाली, आणि घरी आम्ही कुलुपे विकत घेत राहिलो.

ही किल्ली वापरायला ऑपरेटिंग सिस्टीमची साथ हवी होती. क, हलन्त, ष असे तीन क्रमांक मिळाले की त्यांचा ‘क्ष’ करून दाखवणे हे काम प्रत्येक सॉफ्टवेअरने वेगळे करण्यापेक्षा सिस्टीमनेच केले तर सगळ्यांचीच सोय. मायक्रोसॉफ्टने ही सोय २००० सालच्या विंडोज २००० मध्ये केली. २००१ च्या एक्सपीतही होती, पण झाकून ठेवलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागणार. ती किती जणांकडे होती हे तुम्हीही जाणता आणि मीही! त्या एका खुणेपायी किती जणांना वर्षानुवर्षे मराठीच्या जागी चौकोन दिसले असतील. व्हिस्टामध्ये ही सोय मुळातच चालू ठेवली, पण ती यायला २००७ उजाडले.

छपाईच्या धंद्यात तर आणखी उशीर. सगळे पेजमेकरवर बसलेले आणि पेजमेकरला युनिकोड कधीच कळले नाही. त्याची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली तीच शेवटची. म्हणून पुढेही कित्येक वर्षे पुस्तके जुन्या फॉन्टमध्येच जुळवली गेली. कुलूप आता कंपनीने लावलेले नव्हते, सवयीनेच लागलेले होते.

या काळात किल्ल्या वाटायचे काम बव्हंशी हौशी माणसांनी केले. शेषाद्री वासू यांनी १९९८ मध्ये कन्नडसाठी काढलेल्या ‘बरहा’वर पुढे मराठीही लिहिता येऊ लागली. ‘गमभन’मुळे अनेकांची बोटे मराठीला लागली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला, तोही युनिकोडमध्ये. लिनक्सवाल्यांनी मराठी पडदे तयार केले, ‘लोहित’सारखा फॉन्ट मुक्त परवान्याने सर्वांना मिळाला. परवान्याचा कागद वाचायची आपल्याला सवय नाही, पण मुक्त परवाना म्हणजे हा फॉन्ट उद्या कंपनी बुडाली तरी तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

अर्थात, सगळे आयते मिळाले असे नाही. मराठीची काही खास दुखणी होती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा फरक ज्या आडव्या र ने होतो, तो कित्येक ठिकाणी उमटतच नसे. वऱ्हाडातल्या माणसाला ‘वऱ्हाड’ लिहिता येऊ नये! ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे असे ठरवले. ही भांडणे कोणाला क्षुल्लक वाटतील, पण ज्याने पहिलीच्या मुलांचे हात धरून ल गिरवला आहे त्याला तसे वाटणार नाही.

आणि स्मरणिका? माझ्या पुतण्याने ती फाईल पुण्याला नेली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने लोकांनी केलेली आहेत. त्यातल्या एकाने बराचसा लेख सुटला. जोडाक्षरे मोडली होती, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या होत्या. त्या मी आणि आठवीच्या दोन मुलींनी बसून लावल्या. सुकडीच्या रांगेचा परिच्छेद वाचताना त्यांनी विचारले, "सर, सुकडी म्हणजे काय?" लेख त्यांच्यापर्यंत पोचला. एक पान मात्र शेवटपर्यंत सुटले नाही.

या सगळ्यावरून माझे मत विचाराल तर ते कोणा एका कंपनीच्या बाजूचे नाही आणि विरुद्धही नाही. मायक्रोसॉफ्टने उशीर केला, पण दार उघडले तेव्हा सगळ्यांसाठी उघडले. आपल्या कंपन्यांनी लवकर सोय केली, पण किल्ली स्वतःकडे ठेवली. लिनक्सवाल्यांनी किल्ली वाटली, पण डीटीपीवाल्याला हवे ते सॉफ्टवेअर त्यांच्याकडे नव्हते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. धाडचा शेतकरी मोबाईलवर आपले नाव मराठीत वाचतो. फॉन्ट मागावा लागत नाही, चौकोन दिसत नाहीत. तिसऱ्या गड्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरेच. पण मोबाईलमध्ये लिहिलेले एखाद्या ॲपच्या पोटात, कोणाच्या तरी खात्यावर राहते. खाते बंद झाले की काय, हे तिथेही विचारावेच लागेल. नवे कुलूप दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा नातलग मंडळींना एक विनंती. तुमच्या कपाटात जुन्या सीडी असतील. कोणाचे पीएचडीचे प्रबंध, कोणाच्या आईच्या कविता, कुलवृत्तांत. त्या या दिवाळीच्या आत एकदा उघडून बघा. फाईल उघडून इंग्रजी चिवडा दिसला तर घाबरू नका आणि टाकूनही देऊ नका. फॉन्टचे नाव तेवढे कळवा. पुतण्याला मी सांगून ठेवले आहे. वेलांट्या लावायला मी आहेच.