निळीचे जिवंत पिंप

जपानच्या एदो काळातील (१६०३–१८६८) सुती कापडावर निळ्या रंगात पांढरी नक्षी दिसते. ती कोणी रंगवलेली नाही. तिथे रंग पोहोचूच दिलेला नाही. या पद्धतीला 'काताझोमे' म्हणतात. तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाचे थर तुरट फळाच्या रसाने चिकटवून त्यात नक्षी कापत. त्यातून चिकट तांदळाचे पीठ व कोंडा यांची खळ कापडावर लावत आणि वाळली की कापड निळीत बुडवत. शेवटी खळ धुऊन टाकत.

पण नीळ तर पाण्यात विरघळत नाही! मग ती धाग्यात शिरते कशी? राखेच्या अल्कधर्मी पाण्यात कुजवलेली पाने आंबवली की जिवाणू निळीचे क्षपण करतात. हे पिवळसर-हिरवे रूप विरघळते, धाग्यात शिरते आणि हवेतल्या ऑक्सिजनने तिथेच पुन्हा निळे होते. पिंप फक्त कोमट ठेवायचे. उकळत्या रंगात खळ टिकली नसती.

रंगाऱ्यांना जिवाणू ठाऊक नव्हते. फेस आणि वास यांवरून पिंप 'जिवंत' आहे का, ते ओळखत. आम्हांला तर हे प्रयोगशाळेतल्या कामाहून अवघड वाटते. पाने कुजवायलाच शंभरेक दिवस लागत. पिंप मेले की ती मेहनत पाण्यात.

१८९७ मध्ये जर्मनीतली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि पुढे नैसर्गिक निळीची शेती आटली. आवा प्रांतात, म्हणजे आजच्या तोकुशिमात, मोजकी घराणी अजून पाने कुजवतात.