कोंबड्यांचं खुराडं: विकत आणायचं की घरीच बांधायचं?

परसात पाच-दहा गावठी कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न खुराड्याचा येतो. तयार लोखंडी खुराडं आणावं, की घरातल्या बांबू-पत्र्यावर भागवावं? अनेक जण फक्त किंमत बघून ठरवतात. पण मुंगूस किंवा रानमांजर एकदा आत शिरलं, तर एका फटक्यात सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात. म्हणून आधी सुरक्षितता बघावी, मग पैसा.

आधी माप काढा

कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरणार असतील, तर रात्री बसण्यापुरती एका कोंबडीला एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. दहा कोंबड्यांसाठी 5 फूट लांब आणि 3 फूट रुंद खुराडं चालतं. दिवसाही कोंडून ठेवणार असाल तर जागा दुप्पट-तिप्पट धरा. कोंबडी रात्री दांडीवर बसते. प्रत्येकीला 8 ते 10 इंच दांडी लागते, म्हणजे दहा जणींना 5 फुटांच्या दोन दांड्या हव्यात. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं पुरतं.

घरी बांधणं कुणाला परवडतं?

जुने पत्रे, बांबू, लाकडी फळ्या घरात पडून असतील आणि हाताला थोडं सुतारकाम येत असेल, तर घरी बांधणं स्वस्त पडतं. खरा खर्च जाळीचा असतो. वरच्या मापाला चारही बाजूंनी 3 फूट उंच जाळी लावली तर 48 चौरस फूट आणि तळाला 15, अशी 63 चौरस फूट जाळी लागते. जाळीत काटकसर नको. षटकोनी घरांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घेतली तर मुंगूस, घूस आणि मोठे साप बाहेर राहतात.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा. ओल लागत नाही. आत गोणपाट अंथरून त्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा टाका. छप्पर भिंतीच्या बाहेर फूटभर येऊ द्या आणि ज्या बाजूने पावसाची झड येते ती बाजू बंद करा. वरच्या भागात मात्र हवा खेळायला जाळी हवीच. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन थेट आत येत नाही.

विकतचं कधी घ्यावं?

बांधायला वेळ नसेल, जागा भाड्याची असेल किंवा खुराडं अधूनमधून हलवायचं असेल, तर तयार घेणं सोयीचं. पैसे देण्याआधी जाळीचं घर मोजा, सांध्यांचं वेल्डिंग हाताने ओढून पाहा, कडी नीट बसते का बघा. आत झाडायला हात पोचला पाहिजे. "दहा कोंबड्यांचं" म्हणून विकलेलं खुराडंही टेपने मोजा. टेंपोचं भाडं किमतीत धरा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून आपल्या मापाचं करून घेणं हाही एक मार्ग आहे.

जुनं लाकडी खुराडं स्वस्तात मिळालं तरी जपून. फटींत गोचीड दिवसा लपून राहतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. आधीच्या घरी मर झाली होती का, हे विचारा. घासून, उन्हात वाळवून, चुना मारल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका.

शेवटची तपासणी

दोन्ही खर्च कागदावर मांडा. घरच्या बांधणीत जाळी, खिळे, कडी-कोयंडा आणि मजुरी धरायला विसरू नका. खुराडं कुठलंही असो, कोंबड्या कोंडण्याआधी एका रात्री मोबाईलची बॅटरी लावून आत ठेवा आणि बाहेरून चारी बाजूंनी फिरून बघा. जाळीच्या घरांशिवाय कुठूनही उजेड बाहेर येत असेल, तर अंगठा जाईल एवढी प्रत्येक फट आधी बुजवा.